हलगीवाल्याचं नाव कुठाय?



प्रश्न काय थोडे आहेत, आणि हा डीजेचं काय घेऊन बसला, असं काहींना वाटेल. वाटू द्या. आवाज कुणाचा, नाव कुणाचं आणि पैसा कुणाच्या खिशात, हा आपलाच प्रश्न आहे.

2024 साली 'तांबडी चामडी' आलं. क्रेटेक्सनं केलेलं, आवाज श्रेयसचा. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं ते काढलं. क्लबातलं हाऊस संगीत, शब्द मराठी. क्रेटेक्स त्याला 'एम-हाऊस' म्हणतो. मला ते आवडलं, लपवत नाही. मराठीला नाचता येत नाही म्हणणारांच्या थोबाडीत बसली. पण मी गोदीत हमाली करतो. दुपारी पत्रा तापतो तेव्हा चामडी कुठल्या रंगाची होते ते आम्हाला ठाऊक. नाचणाऱ्याला त्यात चमक दिसते, आम्हाला पाळी दिसते.

आणि चामडी म्हटलं की आठवते हलगी. मेलेलं जनावर कुणी ओढलं? कातडं कुणी कमावलं? लग्नात, मर्तिकात, जत्रेत बडवायला कुणाला उभं केलं? बाबासाहेबांनी गावकीची कामं टाका म्हणून सांगितलं. कैक बापांनी हलगी खुंटीवरून काढली ती परत टांगली न्हाई. कला वाईट होती म्हणून नव्हे. ती सक्तीची होती, भाकरतुकड्यावर होती म्हणून. आज तीच हलगी कापून, तुकडे करून कॉम्प्युटरात फिरते. बोटाचं कातडं सोलून वाजवणाऱ्याचं नाव मात्र गाण्याखाली नाही.

यंत्राला शिव्या देणारांत मी नाही. यंत्राला जात नसते, यंत्र कुणाच्या हातात आहे त्याला असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर आलं. तिथं केलेलं संगीत वर्षानुवर्षं फितींवर पडून राहिलं, लोकांपुढं तबकडी आली 2023 साली. मुंबईत चरणजित सिंग या सिनेमातल्या वादकानं 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये परदेशात ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग म्हणालं, अरे, हे तर आमच्या ॲसिड हाऊसच्या आधीचं! 2015 मध्ये तो माणूस गेला.

तिकडं अमेरिकेत बघा. रोलंड कंपनीची तीच यंत्रं बाजारात पडली. दुसऱ्या हातानं, स्वस्तात विकली जाऊ लागली. ती उचलली शिकागो आणि डेट्रॉईटच्या काळ्या पोरांनी. डेट्रॉईट मोटारींच्या कारखान्यांचं शहर, कारखाने बंद पडत होते. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या तिघांनी टेक्नो उभं केलं. पुढं गोऱ्यांच्या क्लबांनी पैसा केला आणि संगीत कुणाचं होतं हे जग विसरलं. हे आपल्या बाबतीत होऊ द्यायचं का?

माझं गाव कवठे महांकाळ, सांगलीचा दुष्काळी तालुका. शेजारच्या मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतार घडवली. मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. हलगी करणाऱ्याला कागद कोण देणार? याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ. त्यांनी तमाशा टाकला नाही, त्यातला राजा खाली खेचला आणि मजूर उभा केला. आपल्याला लॅपटॉपच्या बाबतीत तेच करायचंय.

पोरं म्हणतील, आम्ही करतोच की, भीमगीतांचे रिमिक्स. करता, आणि सुरुवातीला आपलं नाव ओरडून टाकता. त्याला मी हसत नाही. चोखोबापासून वामनदादांपर्यंत आपल्या माणसांनी शेवटच्या ओळीत नाव गुंफलं. नाव टाकणं म्हणजे मी आहे म्हणणं. पण तुझं नाव ओरडताना ज्याचं गीत, ज्याचा गळा, ज्याची हलगी, त्याचं नाव गिळतोस तेव्हा तू पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसतोस.

2019 साली स्वदेशीच्या पोरांनी 'वारली रिव्होल्ट' केलं. आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर त्यात स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावानं उभे आहेत. हे जमतं. जमवायचं असेल तर.

म्हणून सांगतो. जयंतीची वर्गणी भिंतीएवढ्या बॉक्सच्या भाड्यात घालवता. कान फुटतात, म्हातारी माणसं घाबरतात, दुसऱ्या दिवशी हातात काही नाही. त्यातला निम्मा पैसा काढा. एक बरा माईक घ्या. वस्तीतल्या हलगीवाल्याला बोलवा, बिदागी आधी द्या. आज्यांच्या ओव्या टिपा. मग त्यावर हवा तेवढा बेस चढवा. कंपनीशी कागद करताना वाचून सही करा. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. लोकठेक्याला मात्र कायद्यात धनी नाही, तो आपण नाव लिहूनच राखायचा.

पुढच्या अंकात नव्या गाण्यांसाठी एक पान ठेवलंय. तुमचं पाठवा. पण वाजवणाऱ्याचं नाव नसेल तर आम्ही एक ओळ छापणार नाही.

जयभीम.