जुना पॉवर वीडर: आधी बेल्ट बघा, गिअरबॉक्स शेवटी

इंजिन जोरात पळतंय, पण वीडर जागचा हलत नाही? लगेच गिअरबॉक्स खोलू नका. तो खर्च शेवटचा.

इंजिन बंद करा, पेट्रोलचं असेल तर प्लगची वायर काढा. मग बघा:
▪️ बेल्ट सैल, तेलकट किंवा झिजलाय का?
▪️ क्लच केबल ढिली पडलीय का?
▪️ चाकाची पिन तुटलीय का?
▪️ गिअर ऑइल कमी आहे का?

जुनं मशीन घेताना अंगणातल्या चकरेवर भुलू नका. वाफशावरच्या रानात अर्धा तास चालवा. तापल्यावर ओढ कमी झाली, तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या. ऐन खुरपणीत मशीन बसलं, तर डाळिंबात मजूर कुठून आणणार?