एका डॉलरचा पडदा

२०२५ च्या अखेरीस अमेरिकेतील आरोग्य विम्याची वाढीव सरकारी अनुदाने संपुष्टात आली. ती पुढे चालू ठेवण्याच्या वाटाघाटींत जे अडथळे आले, त्यांत एक गर्भपाताचा होता. ज्या विमा योजनेत गर्भपाताचा खर्च समाविष्ट आहे, तिला करदात्याचा पैसा मिळावा काय, हा तो प्रश्न. तो नवा नाही.

१९७६ मध्ये हेन्री हाइड यांच्या दुरुस्तीने गर्भपातासाठी केंद्रीय निधी वापरण्यास मनाई झाली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली. आज तिला बलात्कार, निषिद्ध नात्यातील संबंध आणि मातेच्या जिवाला धोका एवढेच अपवाद आहेत. ओबामांच्या आरोग्य विधेयकाच्या वेळी, ७ नोव्हेंबर २००९ रोजी, प्रतिनिधीगृहाने बार्ट स्टुपाक यांची कठोर दुरुस्ती २४० विरुद्ध १९४ मतांनी संमत केली. सिनेटने मवाळ तोडगा काढला आणि २०१० मध्ये तोच कायद्यात आला. स्टुपाक व त्यांच्या सहकाऱ्यांची मते मिळविण्यासाठी अध्यक्षांना वेगळा आदेश काढावा लागला.

तोडगा असा : गर्भपाताच्या खर्चापोटी प्रत्येक विमाधारकामागे दरमहा किमान एक डॉलर वेगळा आकारावयाचा, तो स्वतंत्र खात्यात ठेवावयाचा आणि सरकारी अनुदानाचा त्याला स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. राज्यांना हे संरक्षण आपल्या बाजारपेठेतून वगळण्याचीही मुभा मिळाली. सुमारे निम्म्या राज्यांनी ती वापरली. २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने त्या डॉलरचे देयकही वेगळे पाठविण्याचा नियम केला. २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने तो रद्द केला.

या पडद्याने कोणाचे समाधान झाले? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने कायद्यास विरोध केला, तर कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला. एकाच श्रद्धेची माणसे दोन निष्कर्षांस पोहोचली.

आपल्या श्रद्धेला जे पाप वाटते, त्यासाठी आपल्याकडून सक्तीने पैसा घेतला जाऊ नये, ही मागणी आम्हांस अनुचित वाटत नाही. परंतु तिची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. सधन स्त्री खर्च स्वतः करते. निर्बंध बाधतो तो सरकारी योजनेवर विसंबलेल्या गरीब स्त्रीला. शिवाय गर्भातील जिवासाठी तिजोरीची दारे बंद करणाऱ्या त्याच देशात, नोकरदार मातेला १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मिळणारी १२ आठवड्यांची रजा बिनपगारी आहे, आणि तीही सर्वांना नाही.

गर्भातील जीव रक्षणीय आहे असे जो समाज म्हणतो, त्याच्यावर त्या जिवाला वाढविणाऱ्या मातेचे ऋण चढते. केवळ निधी नाकारून ते फिटत नाही. प्रसूती, संगोपन व उपजीविका यांची हमी देणारा कायदा तितक्याच आग्रहाने मागितला गेला, तरच या विरोधाला नैतिक बळ लाभेल.