खुणेने कोडे बाटत नाही

गेल्या बैठकीनंतर चहापान चालू असता आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी सर्वांसमक्ष आम्हांस विचारले, "साहेब, तुम्ही म्हणे नातीला शब्दकोडे सोडवताना खुणा सांगता. मग कोडे सोडवले कोणी? तिने की तुम्ही?" हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु दांडिया बाजारातून घरी पोहोचेपर्यंत तो प्रश्न काही मनातून गेला नाही. त्या वेळी न सुचलेले उत्तर आज सविस्तर देत आहोत. स्नेह्यांनी राग मानू नये. कारण त्यांचे मत हे एकट्याचे नव्हे, आपल्या पिढीतील बहुतेकांचे आहे, आणि एके काळी ते आमचेही होते.

हे मत असे : शब्दकोडे ही एकट्याने द्यावयाची परीक्षा आहे. कोशात डोकावणे हा कमीपणा, शेजाऱ्याला विचारणे हा पराभव, आणि कोणी खूण सांगितली तर त्या दिवशीचे कोडे बाटले. ऐकावयास हे मत करारी वाटते खरे. परंतु कोड्याचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

ज्याला आज जग पहिले शब्दकोडे मानते, ते आर्थर विन यांनी रचले आणि 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात छापून आले. त्याचा आकार चौकोनी नव्हता, शंकरपाळ्यासारखा होता. आणि त्याच्या वरच्या टोकाशी 'फन' हा तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द रचनाकाराने स्वतःच भरून ठेवला होता. म्हणजे पहिल्याच कोड्याच्या जनकाने वाचकाच्या हाती पहिली खूण देऊन त्याला घरात घेतले. जनकाला ज्याचा कमीपणा वाटला नाही, त्याचा आपण का मानावा?

यावर प्रतिपक्ष लंडनचे उदाहरण देईल. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने वाचकांना कार्यालयात बोलावून बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि त्यातील काहींना पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या युद्धकार्यात पाचारण झाले. तेथे खुणा कोणी सांगितल्या, असे विचारले जाईल. स्पर्धेत कोणीच नाही, हे मान्य. पण ब्लेचली पार्क येथे ते उलगडण्याचे काम कसे चाले? हवामानाच्या संदेशात 'हवामान' हा शब्द असणारच, असा अंदाज बांधून, तो ओळखीचा शब्द धरून उरलेल्या मजकुरात शिरावयाचे, ही तेथील एक प्रमुख रीत होती. ही खूणच नव्हे काय? परीक्षा बारा मिनिटांची होती. काम मात्र खुणेवाचून झाले नाही.

आता आपल्या मराठी कोड्याकडे वळू. इंग्रजी चौकोनात एकटे अक्षर असते. आपल्या चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते. आडवा शब्द उभ्याला जेथे छेदतो, तेथे व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम मिळतात. अर्थात एका शब्दाने दुसऱ्याला खूण द्यावी, हीच या खेळाची रचना आहे. चौकोन चौकोनाला मदत करतो ते चालते, आणि आजोबांनी नातीला केली की कोडे बाटते, हा कुठला न्याय?

नातीचेच उदाहरण देतो. ती बारा वर्षांची आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी गुजराती, घरात मराठी. एके दिवशी संकेत होता, 'घराच्या दारातील आडवे लाकूड', चौकोन चार. उभ्या शब्दांत 'ठावठिकाणा' तिने आधीच भरला होता. त्यामुळे शेवटचे अक्षर 'ठा' मिळाले होते. तरी गाडी अडली. आम्ही एवढेच म्हणालो, "अगं, तुझ्या मैत्रिणीची आई दिवाळीत दाराशी बसून कशाची पूजा करते?" ती ताडकन म्हणाली, "उंबरो!" मग बोटे मोजली. अक्षरे तीन, चौकोन चार, आणि शेवटी 'ठा'. क्षणभर ती गप्प राहिली आणि मग "उंबरठा!" असे इतक्या मोठ्याने ओरडली की स्वयंपाकघरातून विचारणा झाली. आम्ही तो शब्द उच्चारलाही नव्हता. तिला तो शेजारच्या भाषेतून चालत जाऊन सापडला, आणि वाटेत या दोन भाषा बहिणी आहेत हेही कळले. मग स्नेह्यांनीच सांगावे, कोडे कोणी सोडवले?

इंदूर-ग्वाल्हेरकडील आप्तांना तर खुणेची गरज याहून अधिक आहे. 'शिक्षा' असा दोन अक्षरी शब्दाचा संकेत आला, तर हिंदीतून शिकलेले मूल 'शिक्षण' असा अर्थ धरून पुस्तक, शाळा, गुरुजी यांच्या मागे धावणार. 'दंड' त्याला सुचणारच नाही. 'संशोधन' म्हटले की त्याला कायद्यातील दुरुस्ती आठवणार, प्रयोगशाळा नव्हे. हा त्या मुलाच्या बुद्धीचा दोष नव्हे. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्याला शब्द जेथे फसवतो, तेथे कोणी तरी थोरल्याने "हा अर्थ तिकडचा, आपला वेगळा" एवढे सांगावे लागते. पुण्या-मुंबईच्या मुलाला ते रस्ता सांगतो, बाजार सांगतो. आपल्या मुलांना आपल्यावाचून सांगणारे आहे कोण?

येथे स्वतःची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. नोकरीत असताना आमचे चिरंजीव दहा-अकरा वर्षांचे होते. रविवारचे कोडे घेऊन ते आमच्या खुर्चीपाशी येत. आम्ही सरकारी फायलीवर शेरा मारावा तसे सांगत असू, "डोके चालव. विचारून सोडवलेले कोडे म्हणजे नक्कल." तीन रविवार ते आले, चौथ्या रविवारी बॅट घेऊन मैदानावर गेले. पुन्हा आले नाहीत. आज ते मराठी उत्तम बोलतात, पण वाचत नाहीत. हे त्रैमासिक टपालाने येते, तेव्हा पाकीट फोडून अंक आमच्या हाती देतात आणि आपल्या कामाला लागतात. त्यांना आम्ही उत्तर दिले नाही याचे दुःख नाही; खूण दिली नाही याचे आहे.

मात्र आमच्या बोलण्याचा कोणी विपर्यास करू नये. मोबाइलवर संकेत लिहून तयार उत्तर उचलणारे आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातील उत्तर पाहून चौकोन भरणारे, या दोघांचीही वकिली आम्ही करीत नाही. उत्तर मिळाले की शोध थांबतो. खूण मिळाली की शोध सुरू होतो. म्हणून क्रम पाळावा. आधी चौकोन मोजावयास लावावे. मग तो शब्द गाळून एखादे रोजच्या वापरातले वाक्य म्हणावे. मग शेजारभाषेतील भावंड सुचवावे. पहिले अक्षर सर्वांत शेवटी सांगावे. आणि मूल घुटमळत असताना स्वतः गप्प राहावे. आम्हां निवृत्तांना हे शेवटचे सर्वांत कठीण जाते!

कोडी रचणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. 'एक नदी', अक्षरे दोन. तापी, भीमा, कृष्णा, गंगा, मुळा, मुठा, यांतील कोणती? हा संकेत नव्हे, ही टाळाटाळ आहे. 'सुरतेजवळ समुद्राला मिळणारी' एवढे जोडले, तर मूल नकाशा उघडेल. संकेत आळशी असला की सोडवणाऱ्याला उत्तराची चोरी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि दोष मात्र त्याच्या माथी बसतो.

म्हणून मंडळापुढे आमची सूचना आहे. या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर दर अंकी एक शब्दकोडे द्यावे. त्याखाली प्रत्येक संकेतासाठी क्रमाने दोन खुणा छापाव्यात, आणि उत्तरे पुढील अंकापर्यंत राखून ठेवावीत. खुणा वडोदरा, बेळगाव, हैदराबाद, गोवा येथील सभासदांनी आपापल्या शेजारभाषेतून पाठवाव्यात. पहिल्या कोड्याची रचना आम्ही अंगावर घेतो. स्नेह्यांनी ते अवश्य एकट्याने, खुणांवर हात ठेवून सोडवावे. त्यांच्या व्रताचा आम्हांस आदरच आहे. फक्त घरातले मूल शेजारी येऊन बसले, तर तो हात तेवढा बाजूला घ्यावा.