हॅचच्या कड्यावर ठरणारी सुटका

पाणबुडी बुडाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न खोलीचा असतो. किती मीटर खाली गेली? मुंबईच्या नौदल गोदीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर जे घडले, त्यात या प्रश्नाला अर्थच उरला नव्हता. आयएनएस सिंधुरक्षक धक्क्याला बांधलेली होती. तिच्या पुढच्या भागात, जिथे टॉर्पेडो ठेवतात तिथे, स्फोट झाले आणि ती जागच्या जागी बुडाली. वरचा थोडा भाग पाण्याबाहेर दिसत होता. अग्निशमन दल, पाणबुडे, क्रेन, रुग्णालये सगळे हाकेच्या अंतरावर होते. तरीही आत असलेल्या १८ जणांपैकी एकालाही वाचवता आले नाही.

पाणबुड्यांना आत शिरायलाच वाट नव्हती. हॅच आणि आतली दारे अडकून बसली होती, शिड्या वाकल्या होत्या, पाण्यात तेल आणि गाळ इतका की प्रखर दिव्यांनीही काही दिसत नव्हते. अरुंद जागेत एका वेळी एकच पाणबुडा काम करू शकत होता. सुमारे ३६ तास सलग बुड्या मारल्यावर दुसऱ्या कप्प्यापर्यंत पोचता आले आणि पहिले मृतदेह १६ ऑगस्टला हाती लागले. स्फोटाच्या उष्णतेने आतले पोलादही वितळले होते. इतक्या भीषण स्फोटानंतर कोणतीही बचावयंत्रणा काही करू शकली असती असे म्हणणे खोटे ठरेल. पण अडकलेले दार म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांत सगळ्या देशाने पाहिले.

साखर कारखान्यांच्या, डेअरीच्या आणि वाहन उद्योगाच्या कामांवर जगणाऱ्या इंदापूर-बारामतीच्या वर्कशॉपवाल्यांनी हा विषय परका का मानू नये, याचे उत्तर आपल्याच भागात आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने अरिहंत या अणुपाणबुडीच्या अणुभट्टीशी जोडलेल्या वाफेच्या टर्बाइनची यंत्रणा पुरवली. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता उभ्या राहिलेल्या उद्योगाने गाठलेली ही मजल आहे. हा उद्योग उभारणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू केली. पुढे सरकारने घेतलेली ती गोदी म्हणजे आजची हिंदुस्थान शिपयार्ड. पाणबुडीतल्या माणसांना वाचवण्यासाठी लागणारी आयएनएस निस्तार ही नौका तिथेच बांधली गेली आणि १८ जुलै २०२५ रोजी नौदलात आली.

बचावाचे तंत्र वर्कशॉपच्या भाषेत सांगता येते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. हॅचचा व्यास ७५ सेंटिमीटर धरला, तर १०० मीटर खोलीवर त्यावर सुमारे ४५ टनांचा भार येतो. उसाने भरलेले दोन-तीन ट्रक एका झाकणावर उभे करावेत तसा. आतून कितीही जोर लावला तरी ते झाकण उघडणार नाही. म्हणून बचावाची छोटी पाणबुडी वरून येऊन हॅचभोवतीच्या सपाट कड्यावर बसते. तिच्या तळाचा झगा त्या कड्याला टेकतो आणि झग्यातले पाणी उपसून टाकले जाते. आता जो दाब हॅच बंद ठेवत होता, तोच दोन्ही नौकांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतो. दोन्ही बाजूंचा दाब जुळवला की हॅच उघडते आणि माणसे वर सरकतात.

सगळे त्या कड्यावर अवलंबून असते. तो सपाट हवा, घासून स्वच्छ हवा, वाकलेला नको, त्यावर केबलचा तुकडा पडलेला नको. पाणबुडी तळावर तिरकी टेकली असेल किंवा प्रवाह जोराचा असेल, तर सील धरत नाही. ऑगस्ट २०००मध्ये बॅरेंट्स समुद्रात रशियाची पाणबुडी कुर्स्क बुडाली ती फक्त १०८ मीटरवर. ११८ पैकी २३ जण स्फोटानंतर शेवटच्या, नवव्या कप्प्यात जमले होते. एका अधिकाऱ्याने अंधारात लिहिलेल्या चिठ्ठीवरून हे नंतर कळले. रशियाच्या बचाव नौकांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, पण हॅचवर पकड बसेना. नवव्या दिवशी नॉर्वेच्या पाणबुड्यांनी हॅच उघडली, तेव्हा तो कप्पा पाण्याने भरलेला होता.

आतल्या माणसांचे घड्याळ वेगळे चालते. सर्वसाधारण समज असा की प्राणवायू संपतो. प्रत्यक्षात त्याआधी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून माणूस सुस्त होतो, गोंधळतो, बेशुद्ध पडतो. तो शोषून घेणारी रसायने पाणबुडीत ठेवलेली असतात, पण ती मोजकीच. थंडी अंगातली ताकद खाते. पाणी शिरून कप्प्यातला दाब वाढला असेल, तर वर आणलेल्या माणसाला थेट बाहेर काढता येत नाही. त्याला दाबाच्या कक्षात ठेवून दाब हळूहळू उतरवावा लागतो. भारताने ब्रिटनच्या जेम्स फिशर डिफेन्सकडून घेतलेली बचाव पाणबुडी ६५० मीटरपर्यंत जाते आणि एका फेरीत १४ जणांना आणू शकते. सिंधुरक्षकसारख्या पाणबुडीवर पन्नासाहून अधिक माणसे असतात. म्हणजे सगळे जिवंत असले तर किमान चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला त्याच कड्यावर पुन्हा तीच जुळणी.

अशी पहिली बचाव पाणबुडी मुंबईत नौदलात दाखल झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे सिंधुरक्षकनंतर पाच वर्षांनी. तोवर भारताकडे अशी स्वतःची यंत्रणा नव्हती. सोव्हिएत बनावटीची जुनी निस्तार, जिच्या पाणबुड्यांनी १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी गाझीची पाहणी केली, ती १९८९ मध्येच निवृत्त झाली होती. देशाने पाणबुड्या वाढवल्या आणि त्यांतून माणसे काढण्याची सोय मागे ठेवली. हा क्रम चुकीचा होता, आणि तो पुन्हा घडू नये असे या मासिकाला मनापासून वाटते.

बचाव साधतो तेव्हा काय जुळून आलेले असते, हे अमेरिकेच्या स्क्वॉलस या पाणबुडीने दाखवले. २३ मे १९३९ रोजी इंजिनांना हवा पुरवणारा मोठा व्हॉल्व्ह बंद झाला नाही. फलकावरचे दिवे मात्र तो बंद असल्याचे दाखवत होते. २६ जण मागच्या कप्प्यांत बुडाले. उरलेले ३३ जण ७४ मीटर खोलीवर कोरड्या कप्प्यांत होते. केबलने खाली सोडलेल्या घंटेच्या आकाराच्या कक्षातून चार फेऱ्यांत ते सगळे वर आले. हॅचचा कडा शाबूत होता, खोली बेताची होती, आणि ती घंटा आधीच तयार करून, चाचणी घेऊन ठेवलेली होती.

थ्रेशरच्या वाट्याला यातले काही आले नाही. १० एप्रिल १९६३ रोजी ही अमेरिकी अणुपाणबुडी १२९ जणांसह अटलांटिकमध्ये गेली ती सुमारे अडीच हजार मीटर खाली. तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीच तिचे कवच दाबाने चिरडले होते. इंडोनेशियाच्या नांगालाचेही एप्रिल २०२१ मध्ये तेच झाले, ५३ जण गेले. अशा खोलीवर वाचवायला कुणी उरत नाही. थ्रेशरच्या चौकशीत संशय गेला तो इंजिनरूममधल्या समुद्राच्या पाण्याच्या पाइपवर, चांदीच्या मिश्रधातूने ब्रेझिंग केलेल्या जोडावर. दुर्घटनेआधी गोदीत अशा काही जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी झाली होती. तपासलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के जोड दर्जाला उतरले नव्हते. उरलेले तपासलेच गेले नाहीत. वर येण्यासाठी टाक्यांत सोडलेल्या हवेतल्या ओलाव्याचे नळीच्या जाळीवर बर्फ झाले आणि हवा अडली, असेही चौकशीत पुढे आले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी नौदलाने सबसेफ हा कार्यक्रम सुरू केला. पाण्याचा दाब झेलणाऱ्या प्रत्येक भागाचा माल कुठून आला, वेल्डिंग कुणी केले, तपासणी कुणी केली, याचा लेखी माग असल्याशिवाय पाणबुडीला प्रमाणपत्र नाही. त्यानंतर अमेरिकेची समुद्रात एकच पाणबुडी बुडाली, १९६८ मध्ये स्कॉर्पियन, ९९ जणांसह. तिला ते प्रमाणपत्र नव्हते.

या मासिकाचे म्हणणे इथे येऊन ठरते. पाणबुडीतल्या माणसाची सुटका बहुतांशी तो पाण्यात उतरण्याआधीच, कुठल्यातरी शेडमध्ये ठरलेली असते. जोड टिकला तर बचावाची वेळ येत नाही. कडा सपाट उतरला तर बचाव शक्य होतो. अडचण अशी की हे भाग रोज वापरात येत नाहीत. गिअरबॉक्स खराब निघाला तर गिऱ्हाईक आठ दिवसांत दारात उभे राहते. सुटकेच्या हॅचचा कडा वाकडा असला, तर ते कदाचित तीस वर्षे कुणाला कळणार नाही आणि कळेल तेव्हा तक्रार करायला कुणी उरलेले नसेल. साखर कारखान्याच्या बॉयलरवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हलाही हेच लागू आहे, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष आपल्या भागातल्या प्रत्येक फिटरला ठाऊक आहे.

म्हणून दोन मागण्या. संरक्षणाच्या कामाचे तुकडे मोठ्या कंपनीकडून लहान वर्कशॉपकडे उतरतात, तेव्हा बरेचदा फक्त ड्रॉइंग येते. तो भाग कशासाठी आहे हे येत नाही. गोपनीयता समजते. पण हा भाग माणसाच्या जिवाशी निगडित आहे, एवढे तरी ड्रॉइंगवर ठळक लिहून यावे आणि त्याची तपासणी नेहमीच्या नमुना पद्धतीने न होता एकूण एक नगाची व्हावी. दुसरी मागणी आपल्याच मंडळींकडे. नापास झालेल्या नगाची नोंद फाडून टाकू नये. ती पास झालेल्या नगांच्या अहवालासोबत वर पाठवावी, आणि ती पाठवणाऱ्या वर्कशॉपची पुढची ऑर्डर त्या कारणाने कापली जाणार नाही, असे मोठ्या कंपन्यांनी करारात लिहून द्यावे.