विश्लेषण : ‘मुक्त’ रेडिओची कळ कुणाच्या हातात?

अमेरिकेत एफएम रेडिओवर रॉक संगीताला मोकळी जागा मिळवून देणारे निवेदक टॉम डोनाह्यू २८ एप्रिल १९७५ रोजी गेले. रॉककडे गांभीर्याने पाहायला शिकवणारे पत्रकार राल्फ ग्लीसन त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ३ जूनला गेले. दोघांचेही शहर सॅन फ्रान्सिस्को. त्यांच्या निधनाला ५० वर्षे उलटली. आज त्यांचे नाव निघाले की लांब केस, हिप्पी आणि गिटार एवढेच आठवते. पण त्यांची गोष्ट तितकीच परवान्याची आणि पैशाचीही आहे.

एफएमवर जागा कशी निर्माण झाली?

एएम प्रक्षेपणात आवाजानुसार लहरीची उंची बदलते. त्यामुळे विजांचा कडकडाट आणि यंत्रांची खरखरही ऐकू येते. एफएममध्ये लहरीची वारंवारता बदलते, म्हणून आवाज स्वच्छ राहतो. एडविन आर्मस्ट्राँग यांना याचे पेटंट १९३३ मध्येच मिळाले होते. तरीही श्रोते आणि जाहिराती एएमवरच राहिल्या. दोन्ही केंद्रे असलेले मालक एएमचाच कार्यक्रम एफएमवर लावून देत. नियामक संस्था ‘एफसीसी’ने मोठ्या शहरांत याला लगाम घातला. निम्म्याहून अधिक वेळ नक्कल चालणार नाही, हा १९६४ चा नियम रखडत १९६७ च्या सुरुवातीला लागू झाला. आता रिकामे तास भरायचे होते आणि तेही स्वस्तात. देशभर एफएमवर नव्या प्रयोगांना वाव मिळाला तो यामुळे.

डोनाह्यू यांनी नेमके काय केले?

ते एएमवरचे नावाजलेले निवेदक होते. तीन मिनिटांची हिट गाणी, घाईघाईची बडबड आणि पुन्हा जाहिरात, या साच्याला ते कंटाळले होते. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘केएमपीएक्स’ हे एफएम केंद्र परभाषिक कार्यक्रमांना वेळ विकून कसेबसे चालत होते. त्याचा दूरध्वनीही बिल न भरल्याने बंद होता आणि म्हणूनच डोनाह्यू यांनी ते निवडले, असे सांगतात. तिथे मध्यरात्रीनंतर लॅरी मिलर आधीपासूनच वेगळे संगीत लावत होते. ७ एप्रिल १९६७ पासून रात्री आठ ते बारा ही वेळ डोनाह्यू यांनी घेतली. रेकॉर्डवरची लांबलचक गाणी, ब्लूज आणि लोकसंगीत सलग वाजू लागले. निवेदक शांतपणे, शेजारी बसून बोलावे तसे बोलू लागले.

पत्रकारितेत काय बदलले?

तोवर तरुणांची मासिके गायकांच्या आवडीनिवडी छापत. फेब्रुवारी १९६६ मध्ये पॉल विल्यम्स या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने सायक्लोस्टाइल करून ‘क्रॉडॅडी’ काढले आणि रॉकची समीक्षा सुरू केली. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक आला. संपादक यान वेनर २१ वर्षांचे, तर सहसंस्थापक ग्लीसन ५० वर्षांचे होते. भांडवल होते उसनवारीचे सुमारे साडेसात हजार डॉलर. ग्लीसन तोवर दैनिकातले जाझ समीक्षक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्यामुळे रॉकविषयीच्या लेखनाला वजन आले.

हे स्वातंत्र्य टिकले का?

फार काळ नाही. पगार आणि व्यवस्थापनाच्या हस्तक्षेपावरून मार्च १९६८ मध्ये ‘केएमपीएक्स’च्या कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांच्याकडे संगीत होते, श्रोते होते. परवाना मात्र मालकाकडे होता. अखेर त्यातील बहुतेक जण ‘मेट्रोमीडिया’ या बड्या कंपनीच्या ‘केएसएएन’वर गेले. तिथे त्यांनी उत्तम काम केले, पण १९८० मध्ये कंपनीने त्या केंद्राला कंट्री संगीताचे केंद्र करून टाकले. ‘रोलिंग स्टोन’ रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरातींवर वाढले. १९७३ मध्ये त्याने संगीतकारांचा अनादर केल्याबद्दल लेस्टर बँग्ज या फटकळ समीक्षकालाच दार दाखवले.

मग कोण टिकले? शेजारच्या बर्कलीत लुइस हिल यांनी १९४९ मध्ये सुरू केलेले ‘केपीएफए’ आजही चालू आहे. ते जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते. तिथेही भांडणे झाली. १९९९ मध्ये मूळ संस्थेनेच कर्मचाऱ्यांना बाहेर काढून टाळे लावले. तेव्हा हजारो श्रोते रस्त्यावर उतरले आणि केंद्र पुन्हा सुरू झाले. वर्गणी देणाऱ्याला केंद्र आपले वाटते, हा यातला फरक.

भारतासाठी धडा काय?

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तरीही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी ऐकवता येतात. सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला झाला तो २००६ मध्ये. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ त्याच वाटेने आले. रॉक पत्रकारितेत अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढले आणि देशभरच्या बँडना एकमेकांची ओळख करून दिली. २०१२ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले.

आज मोबाइलवर पॉडकास्ट काढायला परवाना लागत नाही. पण तो कुणापर्यंत पोहोचणार, हे मंच चालवणाऱ्या कंपनीचे अल्गोरिदम ठरवते. साधने स्वस्त झाली, कळ मात्र दुसऱ्याच्याच हातात राहिली. त्यामुळे डोनाह्यू आणि ग्लीसन यांचे स्मरण जुनी गाणी ऐकून संपू नये. एखादे छोटे केंद्र, मासिक किंवा पॉडकास्ट मनापासून आवडत असेल, तर त्याची वर्गणी भरणे हे त्यांना अधिक शोभणारे स्मरण ठरेल.