मुलींनी माईक बंद का ठेवायचा?



१९९७ साली आपल्या एनिसने कॅसलबार, किलकेनी आणि किलार्नीला मागे टाकून ‘माहितीयुगाचे गाव’ हा किताब पटकावला, ही गोष्ट इथल्या जुन्या शेजाऱ्यांकडून आपण सर्वांनी ऐकली असेलच. टेलिकॉम एरनचा दीड कोटी पौंडांचा प्रकल्प होता तो, आणि त्यातून घरोघरी स्वस्तात संगणक आले. आता संगणक घरात आहे की नाही असे कुणी विचारत नाही. मुले त्यावर काय खेळतात, आणि खेळताना त्यांना कोण काय बोलते, हे मात्र विचारायला हवे.

आपल्या ओळखीतल्या कित्येक मुली ऑनलाइन खेळताना माईक बंद ठेवतात, नाहीतर मुलाचे नाव घेतात. का, असे विचारले तर म्हणतात, “आवाज ऐकला की सुरू होतात.” घरात त्यावर ठरलेला तोडगा निघतो: मग खेळू नकोस. दादा मात्र खेळतच राहतो! आम्हाला हा तोडगा पटत नाही, म्हणून हा लेख.

हे प्रकरण नवे नाही. अनिता सार्कीशियन या समीक्षक बाईंनी २०१२ साली व्हिडिओ गेममधल्या स्त्रीपात्रांवर चित्रफितींची मालिका करायचे ठरवले. राजकन्या पळवली जाते, नायक तिला सोडवतो, आणि तिला स्वतःला करण्यासारखे काहीच नसते, असे त्यांचे साधे निरीक्षण. लोकांकडे ६ हजार डॉलर मागितले, दीड लाखाच्या वर जमले. पण त्याच वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ठोसे मारायचा एक ‘खेळ’ही कुणीतरी बनवला. ऑगस्ट २०१४ मध्ये झोई क्विन या गेम बनवणाऱ्या मुलीवर, पत्रकाराशी संबंध ठेवून चांगले परीक्षण मिळवल्याचा आरोप झाला. त्या पत्रकाराने तिच्या गेमचे परीक्षण लिहिलेलेच नव्हते! तरीही ‘गेमरगेट’ नावाची मोहीम पेटली, धमक्या आल्या, बायकांना राहते घर सोडावे लागले. ऑक्टोबरमध्ये युटा राज्याच्या विद्यापीठात सार्कीशियन यांचे व्याख्यान होते. गोळीबाराची धमकी आली. राज्याच्या कायद्यामुळे परवानाधारकांना बंदुका आत आणण्यापासून अडवता येणार नाही, असे कळल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केले.

त्यांचे प्रत्येक उदाहरण बिनचूक होते, असे आम्ही म्हणत नाही. ‘हिटमॅन’ या गेमच्या बाबतीत, निरपराधांना मारले तर खेळाडूचे गुण कापले जातात, हा खेळाडूंचा आक्षेप रास्त होता. पण आक्षेपाला उत्तर आक्षेपाने द्यावे. पुस्तक आवडले नाही म्हणून लेखिकेच्या घरावर कुणी दगड घेऊन जात नाही.

की जातात? आपल्याकडची आठवण काढू. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांना नावे ठेवली जात होती, त्याला ते उत्तर होते. ताराबाईंवर इतकी टीका झाली की जोतिराव फुल्यांना ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. पुढे ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही. अशा गदारोळाचे खरे नुकसान आम्हाला हेच वाटते, की पुढचे लिखाण होतच नाही. त्याची कुठे नोंदही राहत नाही.

गेम बनवणाऱ्या कंपन्यांच्या आतही चित्र फार वेगळे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या रायट गेम्सने २०२१ मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांच्या दाव्यात दहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्या जवळचेही उदाहरण आहे. ब्रेंडा रोमेरो या क्षेत्रात १९८१ पासून, म्हणजे शाळकरी वयापासून आहेत. मार्च २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेच्या वेळी गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या मेजवानीत तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी आणल्या गेल्या. त्या संघटनेच्या स्त्री-विभागाच्या सहअध्यक्ष होत्या ब्रेंडाबाई. त्यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यात त्यांनी एक परिसंवादही चालवला, आपण या धंद्यात का टिकून आहोत हे बायकांनी सांगण्यासाठी. पुढे २०१५ मध्ये पतीसोबत त्यांनी गॉलवेत, इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, स्वतःची कंपनी काढली. आणि आपल्या पुण्याला विसरू नका! तिथल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. त्यात भावाला सोडवायला निघते ती बहीण. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष आहेत.

आता थोडे कामाचे. खोक्यावरचा पेगीचा आकडा (३, ७, १२, १६, १८) बघून आपण निश्चिंत होतो. त्यात ‘भेदभाव’ असे चिन्ह आहे खरे, पण ते द्वेषाला चिथावणी देणाऱ्या मजकुरासाठी, आणि ते लागले की वय १८ ठरलेलेच. बाई नुसती बक्षीस म्हणून उभी असेल तर खोका काही सांगत नाही. आणि ऑनलाइन खेळताना समोरचा काय बोलेल, ते तर कुठल्याच आकड्यात बसत नाही. त्यासाठी आयर्लंडचा २०२० चा कायदा आहे, ‘कोकोज लॉ’ म्हणून ओळखला जाणारा. त्रास देण्याच्या हेतूने धमकीचा किंवा अत्यंत अश्लाघ्य मजकूर पाठवल्यास दोन वर्षांपर्यंत, आणि खाजगी चित्रे इजा करण्याच्या हेतूने पसरवल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा असे काही आले तर पुसून टाकू नका. पडद्याचे चित्र, तारीख आणि समोरच्याचे खेळातले नाव जपून ठेवा. आणि गार्डा स्टेशनवर जाताना मुलीसोबत दादालाही न्या. बहुतेक वेळा तो तिथे खेळत असतो आणि त्याने सगळे ऐकलेले असते.