नागपूर बघायला पैसे पडत नाहीत



धानाची रोवणी उरकली, सोयाबीनला डवरे फिरले, म्हणजे पोळ्यापर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. म्हणून या खेपेला खताची आणि किडीची गोष्ट बाजूला ठेवतो आणि नागपूरची सांगतो.

आपल्या चिमूर तालुक्यातून उत्तरेला उमरेडची वाट धरली की नागपूर शंभरेक किलोमीटर. पण आपण जातो ते रोगी घेऊन, नाही तर कोर्टाच्या तारखेला. दवाखाना, बसस्टँड आणि परत गाव.

माझे बाबा असेच एकदा आले होते. मी तेव्हा नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत होतो. बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. तपासणी झाली आणि मध्ये दोन दिवस मोकळे निघाले. बाबा म्हणाले, "शहर दाखव ना जरा." माझ्या खिशात मोजके पैसे. लाज वाटली, पण तसे बोललो नाही. "इथे पावलोपावली पैसे लागतात, बाबा," असे सांगून त्यांना व्हरांड्यातच बसवून ठेवले. पुढे गावात कोणी विचारले, तर ते सांगायचे, "नागपूर मोठं आहे म्हणतात." पुन्हा त्यांचे येणे झाले नाही.

मी त्यांना खोटे सांगितले होते. पुढे जे सांगतो आहे, त्यातले बहुतेक त्याही वेळी फुकटच होते.

प्रवासाचे पैसे पडतील, हे खरे. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या माणसांना 2022 पासून एसटीत तिकीट नाही, आणि बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट. तेव्हा आजीला आणि घरच्या बाईला मागे ठेवण्याचे कारण उरले नाही. भाकरी बांधून घ्या. आधार कार्ड विसरू नका.

सीताबर्डीजवळ विधानभवनाच्या बाजूला शून्य मैलाचा दगड आहे. इंग्रजांनी देश मोजला त्या काळची खूण. रेतीच्या दगडाचा खांब आणि चार घोडे. खालच्या बाजूला गावांची अंतरे मैलात कोरली आहेत, त्यात आपला चांदाही आहे. पोरांना तो शोधायला लावा. जवळच गोवारी बांधवांचे स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी दगावले. आपल्यासारखीच खेड्यांतून आलेली माणसे, त्यांत बाया आणि लेकरेही होती. तिथे दोन मिनिटे उभे राहा.

वर टेकडीवर दिसतो तो सीताबर्डीचा किल्ला. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई इथेच झाली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या दिवशी लोकांना आत सोडतात. एरवी खालूनच बघा.

दीक्षाभूमी सगळ्यांना ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी, 16 तारखेला, ते आपल्या चांद्यात आले. आजचा मोठा स्तूप 2001 साली खुला झाला. दसऱ्याच्या सुमारास पाय ठेवायला जागा नसते. निवांत बघायचा तर साधा दिवस धरा. आतला गारवा आणि शांतता म्हाताऱ्या माणसांना फार मानवते.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते अंबाझरी. शहरातली माणसे तिथे सूर्य बुडताना बघायला जातात. तुम्ही शेतकऱ्याच्या नजरेने जा. 1870 च्या सुमाराचा हा तलाव शहराच्या पाण्यासाठी बांधला. आपल्या मामा तलावासारखीच त्याची पाळ आहे, सांडवा आहे. फरक एवढाच की आपल्या सांडव्याचे पाणी खालच्या बांध्यांत जाते आणि इथे खाली घरे आहेत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे धो-धो पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणलोट, पाळ, सांडवा आणि सांडव्याखालची वाट मोकळी ठेवणे, हे मी सभेत तासभर बोलून समजावतो, ते तिथे उभे राहिल्यावर पाच मिनिटांत समजते. पावसाळ्यात मात्र सांडव्याजवळ जाऊ नका, पोरांचा हात सोडू नका.

फुटाळा तलावही चांगला, पण तिथे खाण्याच्या गाड्या फार. पोरे हट्ट करतील आणि फुकटचा तलाव महागात पडेल! महाराजबाग आणि अजब बंगला यांना तिकीट आहे, म्हणून त्यांची गोष्ट आज नाही.

कळमन्याचा बाजार सकाळी बघावा. संत्र्याच्या हंगामात ढिगाऱ्यांची बोली कशी लागते ते उभे राहून ऐका. आपला माल कुठे जाऊन कसा विकला जातो, हे घरच्या बाईनेही एकदा बघितले पाहिजे.

आणि शेवटी मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गावात पहाटे पोरे मारबत गावाबाहेर नेतात आणि रोगराई, डास, ढेकूण तिच्यासोबत पिटाळतात. तीच मारबत नागपुरात दोन मजली उंच होते. काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असे सांगतात. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते, तेव्हा छपरांवरही माणसे असतात. सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना जे सलत असेल, महागाई म्हणा, लाचखोरी म्हणा, त्याचे पुतळे करून मिरवतात आणि जाळतात. पोळ्याला बैलांची पूजा करून रात्री मुक्कामी जा, नातेवाईक असतील त्यांच्याकडे उतरा. गर्दी फार असते, म्हणून लहान लेकराच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

कोणी रोगी घेऊन गेला असाल आणि मध्ये एखादा दिवस मोकळा निघाला, तर डॉक्टरांना विचारा. चालता येत असेल तर रोग्यालाही सोबत न्या. येत नसेल तर एकाने जवळ बसावे, बाकीच्यांनी जाऊन यावे आणि आल्यावर त्याला सगळे सांगावे.

पुढच्या आठवड्यात धानावरील गादमाशी.